नकाराची ओळ

वाकडंतिकडं काही दिसलं की टापटीप साहेबांचे हात शिवशिवायचे. इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागाचे ते प्रमुख. टेबलावरचं पेनसुद्धा कडेला समांतर हवं, म्हणून हे नाव पडलेलं. तोच हात आवाज विभागाच्या मशीनवर फिरला आणि सगळा घोळ झाला.

आवाज विभाग म्हणजे फोमच्या भिंतींची एक खोली, एक मायक्रोफोन आणि रेकॉर्डिंगवाली. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांची वाक्यं ती आधीच टिपून ठेवायची आणि नंतर हातातल्या छोट्या यंत्रात भरून द्यायची. बटण दाबलं की माणूस आपल्याच आवाजात बोलायचा. या खेपेला त्या माणसांत तिचे स्वतःचे बाबा होते. जन्मभर बसस्थानकावर गाड्या पुकारलेला माणूस. कुजबुजला तरी शेजाऱ्यांना ऐकू जायचं. ऑपरेशन झालं आणि घर चिडीचूप झालं. आई सवयीने स्वयंपाकघरातून काहीतरी विचारायची आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. रेकॉर्डिंगवालीला ते बघवत नव्हतं.

आणि आज, बाबांना शेजारी बसवून ती यंत्र भरायला गेली, तर प्रत्येक फाइलवर एकच उत्तर: परवानगी नाही. फाइली तिनेच बनवलेल्या, मालक म्हणून नावही तिचंच, आणि मनाईही तिलाच!

झालं होतं असं. इस्पितळात सगळीकडे विंडोज. पण फाइली कापणं, त्यांना नावं देणं, कुलूप लावणं हे ती युनिक्स नावाच्या दुसऱ्याच प्रणालीच्या हत्यारांनी करायची, काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून. ती हत्यारं प्रत्येक फाइलवर आधी मालकाला होकार लिहीत आणि त्याखाली अख्ख्या विभागाला नकार. विंडोज वरून वाचत येतं. होकार आधी भेटायचा, म्हणून ती आत जायची. काल टापटीप साहेबांनी सहज तिथे डोकावलं. परवानग्यांचा क्रम चुकलाय, नीट लावू का, असं विंडोजने विचारलं. साहेबांनी मोठ्या प्रेमाने ‘हो’ म्हटलं. विंडोजच्या शिस्तीत नकार सगळ्यांत वर. आणि रेकॉर्डिंगवालीही त्याच विभागातली, म्हणजे तिलाही तो लागू.

साहेबांना खोलीत बोलावून हे सांगितलं, पण ते ऐकतील तर शपथ. त्यांच्या मते फाइली खराब झाल्या होत्या, त्या उपऱ्या हत्यारांनीच केल्या होत्या, आणि ती वापरायला आजपासून बंदी. दुपारी मशीनमधलं सगळं पुसून ते नव्याने लावायचं. हवं ते कॉपी करून घ्या म्हणाले. आता जे उघडतच नाही ते कॉपी काय कपाळ होणार? आणि बाबांसाठी यंत्रातला तयार आवाज आहेच की! त्यांनी तो वाजवूनही दाखवला. कुणा तरुणाचा, गुळगुळीत. बाबांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘हा कोण?’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. साहेब वैतागले, एवढंच असेल तर सगळ्यांना सगळं खुलं करून टाकतो, कटकट नको, म्हणाले. पण त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या पेशंटांनी बायकोसाठी, लेकरांसाठी बोलून ठेवलेलं होतं. ते काय अख्ख्या इस्पितळाने ऐकायचं?

तिने खुर्ची ओढली आणि काळी खिडकी उघडली.

“बंदी आहे म्हटलं ना?” साहेब म्हणाले.

“आहे. तक्रार लिहा, खाली मी सही करते. पण मशीन पुसायचं तर आधी मला उठवावं लागेल.”

साहेब तरातरा भिंतीवरच्या प्लगकडे निघाले. त्यांच्याआधी बाबांनी तिथे आपली खुर्ची नेली आणि हाताची घडी घालून बसले.

मालकाला आत जायची मनाई असली तरी परवानग्या बदलायचा हक्क त्याच्याकडे उरतोच. साहेब हे विसरले होते, ती विसरली नव्हती. तिने प्रत्येक फाइलवरची नकाराची ओळ तेवढी काढली. बाकीच्यांना होकार कधी नव्हताच, त्यांना दार बंदच राहिलं. मग तिने पहिली फाइल उघडली. उघडली! तिने यंत्र भरलं आणि बाबांना दिलं.

‘पाणी हवंय’, ‘दुखतंय’ अशी शहाणी वाक्यं त्यात होती. पण रेकॉर्डिंगच्या वेळी लेकीशी भांडून बाबांनी एक वाक्य आपल्या पदरचं घातलं होतं. त्यांनी ते शोधलं आणि साहेबांकडे बघत बटण दाबलं.

“मागे सरका! मी पुकारल्याशिवाय गाडी हलणार नाही!”

टापटीप साहेब खरोखरच दोन पावलं मागे सरले.

तक्रार झाली, वर गेली, तिने खाली सही केली. बंदीचा कागदही दारावर लागला. दुसऱ्या दिवशी तिने त्याच दारातून आत येऊन काळी खिडकी उघडली.

पण यंत्र मिळालं त्याच संध्याकाळी घरी आईने सवयीने आतून विचारलं, चहा टाकू का? आणि बाहेरून असा ‘हो’ आला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

“अहो, हळू बोला की जरा,” आई म्हणाली आणि ओटा धरून रडायला लागली.