शेताखालच्या सात खोल्या

नांगराचा फाळ दगडाला अडला, त्या दिवसापासून थोरल्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेताखाली सात खोल्यांचा पाया निघाला होता. गाव इथे वसून पन्नासच वर्षं झालेली, त्याआधीचं कुणाला ठाऊक? कुणी म्हणे राजवाडा, कुणी म्हणे तुरुंग. सरकारने उत्खननवाल्या बाईंना धाडलं. त्या चार दिवस ब्रशने माती झाडत बसल्या आणि विचारलं की म्हणत, "अजून सांगता येत नाही."

पाया पुरातन ठरला तर शेताला कुंपण पडणार, आणि थोरल्याला शेतीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. धाकट्याला मात्र तेच हवं होतं. शेत गेलं की दादाच्या हाताखालून तो एकदाचा सुटणार होता.

पाचव्या दिवशी सकाळी, बाई यायच्या आत, थोरला घण घेऊन खड्ड्यात उतरला. भिंतच उरली नाही तर ओळखणार काय? काय ती अक्कल!

पहिला घाव ऐकून धाकटा धावत आला. "दादा, बास!"

"बाजूला हो, नाहीतर थोबाड फोडीन."

"फोड ना! आजवर दुसरं काय केलंस?"

थोरल्याने त्याच्या पोटात लाथ घातली. धाकटा त्याच्या दंडाला कडकडून चावला. दोघं रक्ताने माखून मातीत लोळले. शेवटी धाकटा सुटला आणि हात पसरून भिंतीवर पालथा पडला. "आता मार!"

थोरल्याने मारला. भिंतीवरच मारला होता, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. धाकट्याच्या मनगटाचा चेंदामेंदा झाला आणि खालचा दगडही फुटला.

बाई आल्या तेव्हा धाकटा गुरासारखा ओरडत होता. त्यांनी ओढणीने हात करकचून बांधला. बांधतानाच त्यांची नजर फुटलेल्या भिंतीत गेली. दगडाच्या थरामागे सिमेंट होतं, सिमेंटात लोखंडी सळई.

"हे पुरातन नाही," त्या म्हणाल्या. "फार तर सत्तर वर्षांचं, कसलंतरी गोदाम. आत बघायला आज मीच एक कोपरा फोडणार होते."

"मग शेत?" थोरल्याने विचारलं. भाऊ पुढ्यात विव्हळत असताना त्याने हेच विचारलं.

"तुमचंच. कुणी नेणार नव्हतं."

थोरल्याच्या हातून घण गळाला. तो धाकट्याला उचलायला वाकला, तर त्याने धड हाताने दादाला मागे ढकललं.

"हात लावू नकोस. शेत मिळालं ना? आता कस ते एकट्याने."