मला भंगार म्हणाले, तिला नाटकी

मित्रांनो, एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. डोळे उघडेच ठेवा, नाहीतर पुढचं वाचणार कसं? शाळा सुटली आहे आणि चार रांगा एकाच अरुंद दाराकडे धावल्या आहेत. कोणाचं दप्तर कोणाच्या पोटात, कोणाचा बूट कोणाच्या बोटांवर. आता त्याच वर्गाला चार वेगळी दारं द्या, आणि त्या चारही वाटा पुढे जाऊन अंगणात अलगद एकत्र येऊ द्या. आता कोणी धडपडत नाही. सगळे भराभर बाहेर.

ती चार दारं म्हणजे मी.

मी एक जुना हेडर आहे. मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळलं की धूर होतो. तो तिथून काढून मागच्या सायलेन्सरकडे पोचवायचं काम माझं. माझ्या चार नळ्या इंजिनापासून निघतात, वळसे घेतात आणि शेवटी एकाच नळीत येऊन मिळतात. माझा रंग आता जांभळट निळा झाला आहे. तो तापून होतो, त्याचं मला काही वाटत नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि इतकी वर्षं झाली तरी तो निवलेला नाही.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे एक वेल्डर बाई होत्या. माझे सगळे सांधे त्यांनी जोडले. मग माझी तोंडं बंद करून, आत हवा भरून त्यांनी मला पाण्याच्या टाकीत बुडवलं. नळीला कुठे सुईएवढं भोक असलं तरी बुडबुडे येतात. माझ्या अंगातून एकही बुडबुडा आला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्यावर जो आळ आला तो नेमका याच बाबतीत.

मग मी एका दुकानात खुंटीला लटकत राहिलो. एके दिवशी दोन भाऊ आले. धाकटा मला बघून हरखलाच. "दादा, हाच. तुझी गाडी आहे की म्हैस? चढ आला की धापा टाकते. हा बसवला की बघ कशी पळते ती."

मोठा भाऊ जरा बिचकत होता, पण धाकट्यापुढे कोणाचं चालतंय? मी खोक्यात गेलो. दुकानदारानं बजावलं, "सगळे नट सारखे आवळा हं. आणि थोडी गाडी चालली, इंजिन थंड झालं, की परत एकदा आवळा. तापल्यावर सांध्यातलं पॅकिंग दबतं."

"हो हो, माहितीय," धाकटा म्हणाला. तो तेव्हा माझे फोटो काढत होता.

रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं गेलं. माझ्या जागी आधी असलेला ओतीव लोखंडाचा वयस्कर गडी काढून कोपऱ्यात फेकला. त्याची कोणी धुळीइतकीही दखल घेतली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग तेलकट हातांनी मला उचललं. अशा बोटांचे ठसे गाडी तापली की स्टीलवर कायमचे भाजले जातात. माझ्या दुसऱ्या नळीवर धाकट्याचा अंगठा आजही आहे. कोणी विचारलं तर काय सांगू, जन्मखूण म्हणू?

नट आवळता आवळता ते शेवटच्या नटापाशी आले. तो इंजिनाच्या अगदी मागे, अडचणीत होता.

"पाना लाव ना त्याला," मोठा भाऊ म्हणाला.

"बसत नाही रे पाना तिथे. हातानं फिरवलाय."

"हातानं?"

"दादा, बाकीचे सगळे धरून आहेत ना. हा एकटा कुठे पळून जातोय?"

तो पळाला, मित्रांनो. एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि तो निखळून रस्त्यावर पडला. माझं तोंड तिथे इंजिनापासून उचललं गेलं आणि फटीतून धूर निसटू लागला. गाडी सुरू झाली की टकटक, टकटक असा आवाज येई. मी आणखी काय करणार? मला तोंडं चार आहेत, पण बोलायला एकही नाही. टकटक करत राहिलो, की बाबांनो, इकडे बघा.

तर ते खूश झाले. धाकट्यानं शेजाऱ्यांना बोलावून आवाज ऐकवला. "ऐका. रेसच्या गाडीला असतो ना, तसा." शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मी कळवळून हाक मारत होतो आणि ही शहाणी माणसं वाहवा करत होती.

आता बारकीबद्दल सांगतो. ती मोठ्या भावाची मुलगी. बाबा तिला रोज सकाळी गाडीनं पोहायच्या क्लासला सोडत आणि तसेच पुढे ऑफिसला जात. पाणी म्हणजे तिचा जीव की प्राण. लवकरच त्यांच्या गटाला खोल पाण्यात नेणार होते. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

गाडीचा गोंगाट नको म्हणून बाबा काचा लावून घेत. माझ्याकडून निसटलेला धूर बॉनेटखाली साचे आणि हवेच्या जाळीतून थोडा थोडा आत जाई. धुरातला सगळ्यात घातक वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. त्यानं डोकं दुखतं, मळमळतं, अंग गळून जातं. फार झाला तर माणूस उठतही नाही.

"बाबा, डोकं दुखतंय," बारकी मागच्या सीटवरून म्हणायची.

"पोहायला जाताना बरोबर दुखतं. आईसक्रीम खाताना बरं दुखत नाही," बाबा म्हणायचे. आणि एकदा वैतागून म्हणाले, "ही नाटकं बंद कर. परत तक्रार केलीस तर क्लास बंद."

तेव्हापासून ती सांगेनाशी झाली. कपाळ काचेला टेकवून गप्प बसे. खरं बोलणाऱ्या मुलीला तुम्ही गप्प करता, आणि वर तिलाच नाटकी म्हणता? त्या दिवसांत माझी टकटक मी जमेल तितकी वाढवली. धाकट्यानं, म्हणजे तिच्या काकानं, त्याचंही कौतुक केलं.

एके सकाळी क्लासच्या फाटकाशी गाडीतून उतरताच तिला उलटी झाली. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी तिला परत पाठवलं. "अशा अवस्थेत पाण्यात उतरायचं नाही. खोल पाण्याचं तर नावच नको."

बाबांनी त्याच दिवशी क्लास बंद केला.

रात्री जेवताना बाबा स्वतः डोकं दाबत बसले होते. काकाही जेवायला होता. (हे सगळं मला नंतर, ते दोघे बॉनेटवर वाकून बोलत होते, तेव्हा कळलं.) बारकीनं विचारलं, "बाबा, रविवारी तुमचं डोकं का दुखत नाही?"

"रविवारी साहेब नसतो, म्हणून."

काका हसला. बारकी हसली नाही. "मला कुठे साहेब आहे? माझंही रविवारी दुखत नाही."

आई वाढता वाढता थांबली.

"रविवारी आपण गाडीत बसत नाही," बारकी म्हणाली.

बाबा भरल्या ताटावरून उठले. हात धुऊन तडक खाली आले, बॉनेट उघडलं आणि माझ्यावर उजेड टाकला. माझ्या मागच्या तोंडाशी काजळी पसरली होती, पंख्यासारखी.

मागून काका आला. बघितलं आणि म्हणाला, "बघ, हेडरच भंगार निघाला."

भंगार. पाण्यात बुडवून एक बुडबुडा न सोडणारा मी.

"नट कुठाय?" बाबांनी विचारलं.

काका वाकून शोधू लागला. बाबा हळूच म्हणाले, "तूच विचारत होतास ना, कुठे पळून जातोय म्हणून?"

त्यानंतर गाडी जागेवरच राहिली. रविवारी मला सोडवलं, नवं पॅकिंग घातलं, सगळे नट लावले. आणि पाना बसतो, मित्रांनो. चाक काढून, खाली आडवं होऊन हात घातला की बसतो. कपडे मळतात, इतकंच. इंजिन तापवून, थंड करून सगळे पुन्हा आवळले. टकटक थांबली.

"आवाज गेला रे दादा," काका म्हणाला.

"जाऊ दे."

मुलांनो, एखादं यंत्र कुरकुरलं तर ते आपल्याला रिझवायला कुरकुरत नाही. बॉनेट उघडा, वाका, बघा. आणि घरातलं कोणी पुन्हा पुन्हा 'दुखतंय' म्हणत असेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी ते कुठे बसतं, कशातून जातं, तेवढं तरी पाहा. मला उशिरा का होईना निर्दोष ठरवलं. माफी कोणी मागितली नाही. माझं सोडा, मी लोखंड. पण बारकीची तरी मागायची होती.

बाबांनी हात पुसले आणि मागचं दार उघडून धरलं. "चल बारके, एक चक्कर मारून येऊ. उद्यापासून क्लास सुरू."

बारकी जागची हलली नाही. तिनं काकाकडे पाहिलं.

"आधी काका बसेल," ती म्हणाली. "माझ्या जागेवर. काचा लावून."

काका हसला, पण त्याच्यासोबत कोणीच हसलं नाही. मग तो गुडघे मुडपून मागच्या सीटवर जाऊन बसला. बारकीनं त्याच्या बाजूचं दार लावलं, नीट बसलं का ते ओढून पाहिलं आणि पुढे येऊन खिडकीतून, स्टिअरिंगपुढे बसलेल्या बाबांना सांगितलं,

"लांबची चक्कर मारा."