डॉक्टरांची गाडी थांबेना

दातांच्या डॉक्टरांना आपल्या जुन्या मोटारीचा अभिमान होताच. पण तिला आपल्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही, याचा त्याहून जास्त. रविवारी ते बॉनेट उघडत, तासभर आत बघत 'हं' म्हणत आणि बॉनेट मिटत. बाहीवर तेल उडायला नको म्हणून तपासणी नेहमी इंजिन बंद ठेवूनच.

अलीकडे मोटारीचा ब्रेक दगडासारखा घट्ट झाला होता. पेडलवर उभं राहावं, तेव्हा कुठे बाईसाहेब थांबायचं मनावर घेत. इंजिन नळीतून हवा ओढतं, त्या ओढीवर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर या गाडीत होता. डॉक्टरांनी निदान ठोकलं, "बूस्टर गेला." जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला. पेडल जैसे थे.

"हाही गेलेलाच निघाला," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या हाती आलं की सगळं गेलेलंच निघतं," बायको म्हणाली. "दातांचं तरी वेगळं काय?"

त्याच आठवड्यात सासऱ्यांकडे जेवायला बोलावणं होतं. डॉक्टर दोन्ही पायांनी पेडल रेटत असताना गाडी फाटकातून सावकाश, अगदी अदबीनं आत शिरली, कुंड्यांची रांग आडवी करत व्हरांड्याच्या पायरीला टेकली. खुर्चीतल्या सासऱ्यांनी फक्त पाय वर घेतले.

"जावईबापू, घरी या म्हणालो होतो. घरात नव्हे."

सगळ्यात मोठ्यानं हसले ते साडू. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत, म्हणून घरात त्यांना मास्तर म्हणत. आणि उभं जग आपल्याकडे शिकायला आलंय, अशीच त्यांची समजूत होती.

"ब्रेकच्या तेलात हवा शिरलीय, डॉक्टर. शिकाऊ माणूससुद्धा सांगेल."

"हवा असती तर पेडल मऊ लागलं असतं, मास्तर."

"ही पुस्तकी विद्या झाली. रविवारी येतो."

रविवारी मास्तर बाह्या सरसावून आले. चारही चाकांकडचं तेल उपसलं, नवं भरलं, अंगण तेलकट करून टाकलं. पेडल दगड ते दगडच. मग त्यांनी इंजिन चालू केलं आणि हुकूम सोडला, "मी दाबतो, तुम्ही आत बघा."

नाइलाजानं डॉक्टर वाकले आणि गारच पडले. इंजिनाकडून बूस्टरकडे जाणारी नळी पापडासारखी चपटी झाली होती. ती त्यांनीच बसवलेली. मूळची काळी, जाड नळी दिसायला ओंगळ, म्हणून त्यांनी दवाखान्यातली पारदर्शक नळी लावली होती. पेशंटच्या तोंडातली थुंकी ओढण्यात तिची हयात गेली. इंजिनाची ओढ तिला कुठली झेपायला! इंजिन बंद झालं की मात्र ती पुन्हा गोल, साळसूद.

"काही दिसतंय का?" मास्तर आतून ओरडले.

"छे! बंद करा इंजिन."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी डॉक्टरांनी जाड रबरी नळी आणून गुपचूप बसवली. पेडल लोण्यासारखं खाली गेलं. ते एकटेच गाडीत बसून हसले.

संध्याकाळी मास्तर हजर. एक चक्कर मारली, ब्रेक दाबला आणि त्यांची छाती फुगली. "बघितलंत? नवं तेल मुरायला एक रात्र लागतेच."

खरं काय ते डॉक्टरांच्या अगदी ओठावर आलं. पण खरं सांगायचं म्हणजे थुंकीची नळी सांगायची. आणि ती एकदा मास्तरांच्या तोंडी लागली की मरेपर्यंत सुटायची नाही.

"हो," ते म्हणाले. "मुरलं."

तेव्हापासून मास्तर ही कथा सासऱ्यांना, मेव्हणीला, गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. दर वेळी डॉक्टर थोडे अधिक बावळट होतात, आणि समोर असले तर मान डोलावतात. परवा मास्तरांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी गिअरबॉक्स उघडू."

गिअरबॉक्स ठणठणीत होता. डॉक्टर म्हणाले, "या."