थोरलीकडे

"थोरलीकडे मुक्कामच ठोकलाय कुणीतरी. बिछाना धाडू का आत?"

माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, दाराच्या फळीपलीकडे, मोठे दीर पुटपुटत होते. आत मी होते. एका हाताने रुमाल नाकाशी, दुसऱ्याने कडी धरलेली, कारण ती धरली नाही तर दार आपल्या मनाने उघडतं आणि सगळ्या अंगणाला दर्शन होतं.

मी खाकरले.

"कोण, धाकटी का? बरं बरं, चालू दे," म्हणत ते लांब गेले.

चालू दे म्हणायला तिथे काय गोडी लागली होती! खड्डा तोंडाशी आला होता. बादलीभर पाणी ओतलं की ते आत जायच्या ऐवजी वर यायचं. अळ्या पायरी चढून आल्या होत्या. त्यातली एक माझ्या चपलेपाशी येऊन डोकं वर करून बघत होती, नव्याने आलेल्या पाहुणीसारखी. बाहेर आल्यावर मी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तरी जेवताना घास नाकाजवळ आला की तोच वास.

आमच्या घरात संडास हा शब्द कुणी उच्चारत नाही. त्याच्याहून उघडावाघडा शब्द तर सासूबाईंनी जन्मभर उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. त्या असल्या बाबतीत फार सोवळ्या. जग परसाकडे जातं, आम्ही थोरलीकडे जातो. मी लग्न होऊन आले त्या दिवशी माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं होतं, "थोरलीकडे जाऊन यायचंय का?" मला वाटलं, कुणी वडीलधारी बाई असेल, पाया पडायला नेतायत. मी केस सारखे केले, चेहरा पुसला आणि त्यांच्यामागून निघाले. दार उघडल्यावर जे दिसलं त्याच्या पाया पडायची काही सोय नव्हती.

घर उतारावर आहे. घरामागे दगडी भिंतीच्या आत घराण्याची दफनभूमी (आमच्यात जाळत नाहीत, पुरतात), आणि भिंतीला बाहेरून टेकून हे थोरलीचं ठिकाण. पाहुणा आला की सासरे त्याला चहाआधी भिंतीच्या आत घेऊन जायचे. "हे आमचे मूळपुरुष. हा माळ त्यांनी नुसत्या कुदळीनं फोडला." मग मूळपुरुषाचा भाऊ, ज्याने विधवा भावजयीचं शेत गिळलं. त्याच्या दगडावर 'दयाळू' असं कोरलंय. त्याच्यापलीकडे मूळपुरुषाचा घोडा. हो, घोडा. त्यालाही दगड आहे, वर नालेची आकृती आहे, आणि सासरे तिथे आले की आवाज खाली आणायचे. वारा फिरला आणि भिंतीपलीकडचा वास आला की मात्र ते पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वळवायचे. "चला, चहा निवतोय."

त्या भिंतीच्या आत सगळे होते. लबाड, दयाळू, घोडा. नव्हती फक्त सासऱ्यांची पहिली बायको. तीच थोरली.

मला कुणी समोर बसवून हे सांगितलं नाही. घरातल्या असल्या गोष्टी कुणी सांगत नाही, त्या अंगाला लागतात. ती विहिरीत सापडली. पाय घसरला असं एकाने म्हणायचं, दुसऱ्याने विषय बदलायचा. घरच्यांचा निकाल असा झाला की असल्या मरणाला भिंतीच्या आत जागा नाही. म्हणून भिंतीबाहेर पुरलं, दगडाशिवाय. पुढे सासऱ्यांनी दुसरं लग्न केलं, आमच्या सासूबाई आल्या. संडास कुठे बांधायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा कुणीतरी म्हणालं की ती भिंतीकडची जागा नाहीतरी वायाच जातेय.

थोरलीची एकच मुलगी, माझ्या वन्सं. ह्यांची सावत्र बहीण, पण सावत्र म्हणायला जीभ रेटत नाही, कारण माझ्या नवऱ्याला वाढवलं त्यांनीच. हे लहानपणी भित्रे होते. अंधार पडला की थोरलीकडे एकट्याने जायचे नाहीत. मग वन्सं कंदील घेऊन दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि आतल्याला धीर यावा म्हणून गाणं म्हणायच्या. हे सगळं ह्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तेव्हा मीही हसले.

संडासामागे भोपळ्याचा वेल आहे. कुणी लावला नाही, आपसूक आला, आणि भोपळे असे की दोन हातांत मावत नाहीत. सासूबाई ते कौतुकाने रांधायच्या. वन्सं भोपळा खात नाहीत, हा घरातला जुना विनोद. "आक्काला भोपळा म्हणजे विष," मोठे दीर चिडवायचे. एकदा सासूबाईंनी बळेच त्यांच्या ताटात वाढला. वन्संनी ताट सरकवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मला नको. मला त्याचं मूळ ठाऊक आहे."

माझ्या तोंडात तेव्हा मोठा घास होता. तो मी गिळला की थुंकला हे विचारू नका.

त्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं की वन्संनी 'थोरलीकडे' हा शब्द कधी म्हणून उच्चारला नाही. त्या म्हणायच्या, "बाहेर जाऊन येते." आम्हाला वाटायचं, किती नाजूक बोलतात.

आता वन्सं अंथरुणाला खिळल्यात. डॉक्टर दाराशी थांबून ह्यांना म्हणाले, "त्यांना काय हवं-नको ते बघा." वन्संना हवं होतं एकच. आईशेजारी जागा. त्यांनी आधी मोठ्या दिरांना विचारलं, "माझी आई कुठे आहे रे?"

"आहे की. तिकडेच, भिंतीलगत."

"आतून की बाहेरून?"

"आक्का, तुला औषधाची वेळ झाली," असं म्हणून ते उठले. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "आतली चांगली जागा काढून ठेवलीय तुझ्यासाठी. सावलीतली. घोड्याच्या शेजारी."

"घोड्याच्या?" वन्सं एवढ्या हसल्या की मला त्यांची पाठ चोळावी लागली. "बरं आहे. लाथ बसली तर निदान कुणाची ते कळेल."

मग त्यांनी ह्यांना विचारलं. हे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मला कळून चुकलं, ही बाई विचारत नाहीये. तिला उत्तर ठाऊक आहे. तिला ते आमच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय, आणि तेवढंही तिच्या पदरात पडत नाहीये. एवढं मोठं घराणं, आणि एक वाक्य निघत नाही.

खड्डा तुंबल्याने आज गवंडी आला. वास घराला भिडला होता, माशा दुधावर होत्या. वन्संनी हट्टाने खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी मांडायला लावली आणि शाल लपेटून बसल्या.

गवंड्याने वास घेतला, थुंकला, मागची जागा पाहिली आणि पहार टेकवली. "जुन्याला लागूनच नवीन खणू. हा वेल काढला की इथे ऐसपैस जागा आहे."

"तिथे नको!" दोघे भाऊ एकदम ओरडले.

"का हो?"

"खडक आहे," मोठे दीर म्हणाले.

"भुसभुशीत आहे," हे म्हणाले, त्याच दमात.

गवंडी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. "दोघं मिळून एक काय ते ठरवा. तोवर मी बघतो," आणि त्याने पहार उचलली.

"सांगा की त्याला," दारातून वन्संचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. "मीही कधीची विचारतेय."

मोठे दीर म्हणाले, "आक्का, आत जा, इथे घाण येतेय."

"घाण माझ्या ओळखीची आहे."

वेलावर माशांचा घूंऽऽ आवाज. मी ह्यांच्याकडे पाहिलं. कंदिलाशिवाय अंधारात उभं केलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता ह्यांचा. मग हे पुढे झाले, खालच्या चिखलात चप्पल रुतली तिथेच सोडली, आणि गवंड्याच्या हातातली पहार घट्ट धरली.

"नको मारू," ते त्याला म्हणाले. मग दाराकडे वळले.

"तुझी आई इथे आहे, आक्का. इतकी वर्षं आम्ही तिच्यावर हागतोय."