भुलीतून उठणाऱ्या बायकांची खाट

मी खाट. परभणीतल्या एका लहानशा दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर माझी जागा होती. नागनाथ मिस्त्रीनं मला लोखंडी पाइपांतून घडवलं आणि पांढरा रंग दिला. एक पाय तेवढा आखूड ठेवला. त्यामुळं कुणी कूस बदलली की मी कुरकुरायची.

गर्भाची पिशवी साफ केली की बाईला माझ्यावर आणून निजवत. तिला कोणती भूल दिली, ते मला पाहताच कळायचं. गुरुवारी भूल देणारे डॉक्टर नांदेडहून येत. त्यांच्या इंजेक्शननं बाई गाढ झोपायची, उठल्यावर भूक लागली म्हणायची. एरवी आमच्या डॉक्टरीणबाई स्वतःच केटामीन देत. ते घेतलेली बाई डोळे उघडे ठेवून कुठंतरी फिरून यायची. एकीनं पंख्याला जावई समजून डोईवर पदर घेतला होता.

शहाऐंशी साली ताडकळसची छबूबाई आली. तिसऱ्या महिन्यात पोट पडलं होतं. सोबत सासू, बायनाबाई. छबूबाई इतकी अबोल, की तिचं नावसुद्धा सासूच सांगायची. वार सोमवार, रक्त थांबत नव्हतं. केटामीन दिलं.

शुद्धीवर येताना तिनं सासूचा हात धरला. "आत्याबाई, तुमी भाजीत मीठ दोनदा टाकता. सात वर्सं गुमान खायलेय मी."

गीताबाई सिस्टर तोंड फिरवून हसली. पण लगेच छबूबाईनं माझी कड घट्ट आवळली. "लेकरू खाली पडायलंय. धरा कुनीतरी."

दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही, बोलली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. "हिला बाहेरचं लागलंय," बायनाबाई म्हणाली. "गावाकडं नेऊन उतारा करते."

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "बाहेरचं नाही, मावशी. माझ्या भुलीच्या औषधानं काही जणींना असं होतं, गुरुवारी नांदेडचे डॉक्टर देतात त्यानं सहसा होत नाही. छबू, मी तुला आधी सांगायला पाहिजे होतं."

"म्हंजे मी येडी झाले न्हाई?"

"नाही, बाई."

तेव्हा कुठं ती मोठ्यानं रडली. बायनाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

दहा दिवसांनी पुन्हा रक्त जाऊ लागलं. पिशवी परत साफ करायची होती. छबूबाई दारातच थांबली. बायनाबाई पुढं झाली नि गीताबाईला म्हणाली, "आधी सांगा, आज बेस्तरवार हाय का?"

गुरुवार नव्हता. मग डॉक्टरीणबाईंनी नांदेडला फोन लावला, भुलीचे डॉक्टर दुपारी आले. छबूबाई जागी झाली, तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि अर्धी भाकरी खाल्ली. लेकराचं दुःख होतंच. पण ते दुःख आहे, वेड नाही, हे आता तिचं तिला ओळखू येत होतं.

आज त्र्याण्णव साल. आत चाकांची खाट आलीय. मी व्हरांड्यात असते, नातेवाईक माझ्यावर डबे उघडतात. त्यांना एवढंच सांगायचंय. आतल्या बाईला पोट दुखतंय का, हे सगळेच विचारतात. तेवढं विचारून उठू नका. तिच्याशेजारी जरा बसा, मनाचंही विचारा. खाट काही मोडत नाही.