सुनेच्या खोलीची कडी

“कडी लाव अन् बस, बाई. मी हाय दारात. कुणाला आत सोडत न्हाई.”

आई वारल्यानंतरही शुभदाच्या कानात तिचे, कुसुमबाईंचे, हे शब्द तसेच राहिले होते. वालूरला माहेरी शुभदाने क्लाउडची, म्हणजे संगणकाच्या कामाची, परीक्षा दिली, तेव्हा त्या उंबऱ्याबाहेर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर. दूरचा परीक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतो. खोलीत दुसरं कुणी आलं की परीक्षा जागच्या जागी रद्द. त्या दिवशी कुसुमबाईंनी खुद्द नवऱ्याला, अप्पांनाही दारातून परतवलं होतं.

त्या सर्टिफिकेटावरच शुभदाचं लग्न जमलं. “हुंडा नगं आमाला, शिकलेली पोरगी पायजे,” सोनपेठच्या चांगुणाबाई, होणाऱ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या. साऱ्या नातलगांनी त्यांचं कौतुक केलं. सर्टिफिकेट चौकटीत बसलं. पुढच्या खोलीला ओल होती, म्हणून ते सुनेच्या खोलीत टांगलं गेलं. नोकरीचं नाव काढलं की चांगुणाबाई हसत, “घरात काय कमी हाय गं तुला?”

पण अशा सर्टिफिकेटाला मुदत असते. ती आता संपत आली होती. पुन्हा परीक्षा दिली तर पुण्याची एक कंपनी घरबसल्या काम द्यायला तयार होती. लग्नानंतर शुभदाने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

“भिंतीवर हाय की एक!” सासूबाई म्हणाल्या. “दुसरं कुटं लावतीस?”

“तेच जुनं होणार, आत्याबाई.”

“मंग दे बापा परीक्षा. पर दार लावायचं न्हाई. आपल्यात सून दिवसा कडी लावत न्हाई.”

लावणार तरी कशी? लग्न झाल्याबरोबर त्या दाराची आतली कडीच काढून टाकली होती. या घराण्याची ती रीत होती, आणि ती वाईट आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

नवरा सुगत शाळेत कारकून, स्वभावाने मवाळ. तो म्हणाला, “तू बिनधास्त बस. मी थांबतो दारात.”

रविवारी सकाळी बुद्धवंदना करून शुभदा बसली. टेबल मोकळं, दार नुसतं लोटलेलं. प्रश्न जमत होते. वर्षानुवर्षं पोळपाटावर फिरलेला हात लॅपटॉपच्या कळफलकावरही अडला नाही. बाहेर सुगतचा फोन वाजला. “आलोच,” असं म्हणत त्याच्या चपला दूर गेल्या.

मग अंगणात बायकांचे आवाज आले. पोखर्णीचे पाहुणे होते.

“अवो या, आतच या. सर्टिफिकेटवाली सून दावते तुमाला!”

दार उघडलं. चांगुणाबाईंनी अभिमानाने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. “हे बगा. अन् आताबी दुसरी परीक्षाच द्यायलीय!”

“लय हुशार हाय बाई,” पाहुणी म्हणाली.

पडद्यावर परीक्षा रद्द झाल्याची ओळ उमटली. शुभदाने लॅपटॉप मिटला, डोक्यावर पदर घेतला आणि चहा टाकायला गेली.

सुगत परतला तेव्हा पाहुणे निघाले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. “कुणी आत यायचं नसतं, हे आईला सांगायचंच राहिलं गं,” एवढंच तो म्हणाला. कंपनीने ती जागा दुसऱ्या कुणाला दिली.

आपण आता लेकीसुनांच्या शिक्षणाला नाही म्हणत नाही. आपण ते चौकटीत घालतो, आणि आल्यागेल्याला दाखवतो.

काही दिवसांनी धाकट्या बहिणीचा, साक्षीचा फोन आला. तिची पहिलीच परीक्षा होती.

“ताई, खरं सांग. काही उपयोग हाय का या कागदाचा? अप्पांनी आत्ताच लग्नाच्या बायोडाट्यात लिहून टाकलंय.”

शुभदाला खोटं बोलवेना. खरं बोलायचं तर तेही जड होतं.

“आईसारखी बसते दारात, म्हनली होतीस,” साक्षी हळूच म्हणाली.

“येते.”

साक्षीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी शुभदाने पहाटेच स्वयंपाक करून ठेवला, वंदना केली आणि पिशवीत सूप घातलं.

“कुटं निगालीस?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“वालूरला.”

“सूप कशाला? तिकडं सुपं मिळत न्हाईत व्हय?”

शुभदाने पिशवी खांद्याला लावली. तिने वाकून सासूबाईंना नमस्कार केला आणि पाथरीवरून जाणारी गाडी धरायला स्टँडच्या वाटेला लागली.