अकरावे चित्र

मी एक जुने एमआरआय यंत्र आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर खोटा आळ आला आहे. सध्या रुग्णालयाच्या गोदामात ताडपत्रीखाली पडून आहे. इथे ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगत आहे.

पाठीचा कणा हा माझा हातखंडा विषय. मज्जारज्जूभोवती एक आवरण असते. त्या आवरणाबाहेर, मणक्यांच्या पोकळीत, एक अरुंद जागा असते. तिथे थोडी चरबी आणि बारीक शिरा असतात. तिथे पू साठला तर मज्जारज्जू दाबला जातो आणि माणसाचे पाय जातात. ती जागा मी डोळ्यांत तेल घालून पाहत असे. मी नवे होते तेव्हा मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगत, "याच्या नजरेतून काही सुटत नाही."

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई लेकीबरोबर आली. पाठ दुखत होती, अंगात ताप होता. मला चालवणाऱ्या ताईंना मणक्यांतल्या त्याच जागेत पांढरा पट्टा दिसला. चरबीही पांढरीच दिसते, म्हणून नेहमीच्या दहा चित्रांनंतर त्यांनी चरबी काळी पडेल असे अकरावे चित्र घेतले. पट्टा पांढराच राहिला. तो पू होता.

मोठ्या डॉक्टरांकडे अहवालाचा तयार मसुदा असे. 'आवरणाबाहेरची जागा ठीक' हे त्यात आधीच लिहिलेले. वेगळे काही दिसले तरच ते खोडायचे.

"सर, अकरावं बघितलं का?" ताईंनी विचारले.

"चरबी असते हो तिथे," म्हणत त्यांनी न उघडताच सही केली.

चार दिवसांनी ती बाई चाकाच्या खुर्चीतून आली. पाय हलत नव्हते. या वेळी डॉक्टरांनाही पू दिसला.

"आधी कसं दिसलं नाही, डॉक्टर?" लेकीने विचारले.

"मशीन जुनं झालंय. सगळं पुसट येतं."

मी ताईंकडे पाहिले. रोज सकाळी मला फडक्याने पुसणाऱ्या ताई मान खाली घालून उभ्या राहिल्या. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा मला त्यांचे गप्प राहणे जास्त लागले.

शस्त्रक्रिया झाली. महिन्याने लेक चित्रांची सीडी न्यायला आली. "आईचा पाय अजून शिलाई मशीनच्या पायडलवर ठरत नाही," ती म्हणाली. ताईंनी सगळी चित्रे भरून सीडी दिली. पुढच्याच आठवड्यात मला गोदामात टाकले.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या डॉक्टर होईल. आमच्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण आम्ही दाखवलेले प्रत्येक चित्र उघडून पाहा. लेकीच्या त्या सीडीत अकरावे चित्र आहे. ते मुळीच पुसट नाही.